लपवलेला बाण

१

रविवारी सकाळी साडेआठला मी पहिली घंटा देतो, नऊला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर जो आत येतो त्याच्याकडं मी डोळे वटारून बघतो. न्हावऱ्यातलं आमचं ख्रिस्ती देऊळ लहान आहे. वर पत्रा, दोन्ही बाजूंची मिळून बावीस बाकं, पुढं पांढरी भिंत. त्या भिंतीकडं पाठ करून मी एक्केचाळीस वर्षं उभा राहिलो. माझं काम ओळ सांगायचं.

नव्या लोकांना हे माहीत नाही म्हणून सांगतो. पूर्वी आमच्या मंडळीत वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. गीतांची पुस्तकं त्याहून कमी. मग एकानं पुढं उभं राहून ओळ मोठ्यानं म्हणायची आन् सगळ्यांनी ती गायची. मग पुढची ओळ. मी दुसरीतून शाळा सोडली. अक्षरं ओळखतो, पण एकेकाला थांबवून, नाव विचारून. गाण्याच्या चालीत ती मला सापडत नाहीत. तरी दोनशेच्या वर गीतं तोंडपाठ आहेत, ती मेरीमुळं.

मेरी म्हणजे माझी बायको. सातवी शिकलेली. लग्न झाल्यावर भाकरी थापता थापता ती मला एकेक ओळ सांगायची आन् मी म्हणायचो. चुकलो की हातातला पिठाचा गोळा उगारायची. देवळात तिची जागा पहिल्या बाकावर, उजव्या टोकाला. मी चुकलो तर तिथून भर उपासनेत मोठ्यानं म्हणते, "अवो, ते न्हवं." लग्नाच्या शेचाळीस वर्षांत तिनं माझी एक चूक सोडलेली नाही. हे ध्यानात ठेवा.

मागल्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी प्रोजेक्टर आणला. जोनाथन त्यांचं नाव, वय चौतीस, बोलणं लोण्यासारखं.

"आबा, आता गीतं भिंतीवर दिसणार," ते म्हणाले. "तुम्ही निवांत बसून गा."

"बसून बेडूक गातो," मी म्हटलं.

मी उभाच राहिलो. ओळ सांगायची नाही तर नाही, पण जागा माझी आहे. टोनी म्हणून एक आहे, कारखान्यात सुपरवायझर, रविवारी तो कॉम्प्युटरवर बसतो. तो मागून ओरडला, "आबा, तुमचं डोकं दुसऱ्या कडव्यात येतंय." मी दोन हात डावीकडं सरकलो. तेवढीच माझी माघार.

२

गीतं दाखवायचा प्रोग्राम माझ्या नातीनं केला. एंजल, माझ्या लेकीची लेक. दौंडला राहते, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. पोरगी हुशार, आन् माझ्यासारखी तोंडाळ. पहिल्या रविवारी ती मुद्दाम एसटीनं आली. टोनीनं बटण दाबलं, भिंतीवर अक्षरं आली, बायका "अगं बाई" म्हणाल्या. आन् मी वळून बघतो तर अक्षरांच्या मधोमध एक पांढरा बाण. हातभर लांब, काळी कड. "प्रभू" लिहिलं होतं त्याच्या डोक्यावर जाऊन बसलेला.

उपासना झाल्या झाल्या मी तिला धरलं.

"एंजल, देवाच्या नावावर काय बसवलंस ते?"

"आबा, तो माऊसचा बाण आहे. सगळीकडं असतो."

"मंग त्याला हाकल."

"हाकलता येत नाही. लपवता येतो."

"लपवल्यावर जातो कुठं?"

"कुठंच नाही. तिथंच असतो, फक्त दिसत नाही."

"त्यापरीस दिसल्याला बरा."

"आत्ताच तर म्हणालात हाकल."

टोनी तारा गुंडाळत होता. कारखान्यात बिहारी पोरांबरोबर राहून त्याची जीभ तशीच झालीय. म्हणाला, "आबा को दोनों तरफ से तकलीफ है."

एंजलनं तिथंच बसून काम केलं. माऊस तीन सेकंद हलला नाही की बाण लपणार. शिवाय नवीन गीत लावलं की प्रोग्राम आपणहून पुन्हा एकदा सांगणार, लप. मला तिनं करून दाखवलं. बाण होता. एक, दोन, तीन. भिंत कोरी झाली.

मी म्हटलं, बरं झालं. म्हटलं खरं, पण मेंढरामागं फिरलेल्या माणसाला एक कळतं. माझा बाप मेंढरं राखायचा, मीबी लहानपणी राखली. लांडगा दिसतो तवा भ्यायचं नसतं. तो दिसायचा बंद होतो तवा भ्यायचं असतं.

३

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा उभा. पाठ भिंतीकडं, तोंड मंडळीकडं. माझ्यासारखं तोंड करून देवळात दुसरं कुणी उभं राहत नाही, पाळकसाहेब गीताच्या वेळी बाजूच्या खुर्चीत असतात. म्हणून जे मला दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही.

वाचणाऱ्या माणसाचे डोळे चालतात. डावीकडून उजवीकडं, मग झटक्यात मागं. पहिल्या रविवारी मला ते बघायला मजा आली. टोनीचे डोळे ससे. वच्छलाबाईंचे डोळे बैलगाडी, ओळ संपायच्या आत गाणं पुढं जायचं आन् त्या तोंड उघडं ठेवून बसायच्या. प्रत्येकाची चाल वेगळी.

त्या दिवशी सगळे डोळे एका चालीनं चालले होते.

सत्तर माणसं. डावीकडून उजवीकडं, सावकाश, मग एकदम मागं. कवायतीला पोरं मान वळवतात तसं. वच्छलाबाईसुद्धा. मला आधी हसू आलं. मग कडवं संपलं. कडवं संपलं की माणूस वर बघतो, खोकतो, पदर सारखा करतो. कुणी काही केलं नाही. डोळे उजवीकडं गेले आन् मागं आले नाहीत. पांढरा उजेड जिथं संपतो तिथून पुढं कोऱ्या भिंतीवर गेले, वीतभर. थांबले. मग टोनीनं पुढचं कडवं लावलं आन् सगळे एकदम परत आले.

मी वळून बघितलं. उजेडापलीकडं कोरी भिंत. बाण नाही, काही नाही.

पाल असंल, मी म्हटलं. लोक निघून गेल्यावर झाडू घेऊन ट्यूबलाईटच्या मागं ठोकलं. पाल निघाली नाही. पालीचं अंडंबी निघालं नाही.

४

माझ्या डोळ्यांचा दोष म्हणाल तर मोतीबिंदू दौंडला काढलाय, डॉक्टर म्हणाला गरुडासारखं दिसंल. मनाचा दोष म्हणाल तर तो असू शकतो. प्रोजेक्टरनं माझी जागा घेतली याचा राग मला होता. अजून आहे. म्हणून मी महिनाभर गप बसलो आन् नुसता बघत राहिलो.

गाणं सुधारलं. तीच वाईट गोष्ट. वच्छलाबाई तीस वर्षांत कधी ठेक्यात गायल्या नव्हत्या, त्या ठेक्यात गायला लागल्या. मागच्या बाकावरचे बापे ओळीच्या शेवटी खाली घसरायचे, ते घसरेनात. सत्तर तोंडं एकदम उघडायची, एकदम मिटायची. दोन ओळींच्या मधे एवढी शांतता, की पत्रा तापताना करकर वाजतो ते ऐकू यायचं.

पाळकसाहेब खूश. "आबा, ऐकलंत? मंडळी एका सुरात आली."

"सायेब, माणसं एका सुरात येत न्हाईत. मेंढरं येतात, आन् तीबी कुत्रं मागं लागल्यावर."

"तुम्हाला प्रोजेक्टर आवडत नाही, खरं सांगा."

"न्हाई आवडत. पर ही गोष्ट निराळी हाय."

"काय निराळी?"

मी सांगितलं, डोळे सगळ्यांचे बरोबर चालतात. ते हसले. म्हणाले, लोक वाचायला शिकले आबा, यात वाईट काय.

दर रविवारी डोळे कोऱ्या भिंतीवर थोडे पुढं जात होते. आधी वीतभर, मग हातभर. मग भिंतीवरून खाली उतरायला लागले. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान दार आहे, बाहेर उसाच्या रानाकडं उघडतं. वर्षातून एकदाच, हंगामाच्या उपासनेला, देवाला वाहायचा रानातला माल आत आणायला म्हणून ते उघडतो. एरवी आतून कडी. डोळे त्या दाराकडं निघाले होते.

त्या दाराच्या सगळ्यात जवळ पहिल्या बाकाचं उजवं टोक. तिथं मेरी बसते.

५

घरी मी जेवायला बसलो होतो. मेरी चुलीपुढं. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. तवा तापला होता, भाकरी हातावर होती, आन् ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. काळी भिंत, धुरानं माखलेली. तिचे डोळे डावीकडून उजवीकडं गेले. मागं आले. पुन्हा गेले.

"मेरे, भाकरी."

डोळे ओळीच्या शेवटाला पोचले, मग ती म्हणाली, "टाकते."

मी हात धुतला. पाण्याचा तांब्या मुद्दाम सांडला. मागं एकदा सांडला होता तर माझ्या सात पिढ्या निघाल्या होत्या. आता ती उठली, फडकं घेतलं, पुसून काढलं. डावीकडून उजवीकडं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात धार काढताना मी तिच्या शेजारी उभा राहून गायलो. तिच्या आवडीचं गीत, तिनं मला शिकवलेलं पहिलं.

उजाडलं रे, ऊठ मना,
मेंढपाळ तो मोजी खुणा,
हरवलं जे रानोरानी
त्यास बोलवी नाव घेउनी.

दुसऱ्या कडव्यात मी एक शब्द मुद्दाम बदलला. नुसता थोडासा. मी वाट बघत राहिलो. किटलीत दुधाची चिळकांडी पडत होती, चर्र, चर्र, आन् मी वाट बघत राहिलो. ती काही बोलली नाही.

माझी बायको जिवंत होती, जेवत होती, धार काढत होती, आन् मला चूक म्हणत नव्हती. मी गोठ्याबाहेर येऊन शेणाच्या पाटीवर बसलो. त्या दिवशी मला कळलं की आपल्या हातचं काय निसटतंय. म्हशी मेल्या तर दुसऱ्या आणता येतात.

६

हंगामाची उपासना रविवारी होती. शिरूर, राहू, दौंड, सगळीकडची मंडळी येणार होती. मी शुक्रवारी एंजलला फोन लावला. म्हटलं, उद्या ये, तुझी आजी बरी नाही. ती शनिवारी दुपारी आली. आजीपाशी पाच मिनिटं बसली आन् बाहेर येऊन म्हणाली, "आबा, आजीनं मला बारीक झालीस म्हटलं नाही."

"मंग? ऐकतीस का आता?"

भर दुपारी दोघं देवळात गेलो. दारं उघडी, बाहेर लख्ख ऊन. तिनं कॉम्प्युटर चालू केला, प्रोजेक्टर लावला. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आबा, बाण लपवायची मोजणी असते. आत एक आकडा असतो. लप म्हटलं की एक वाढतो. जितक्यांदा लप म्हटलं तितक्यांदा दिस म्हणावं लागतं, तेव्हा तो दिसतो. मी आकडा भिंतीवर आणते."

भिंतीच्या कोपऱ्यात आकडा आला. एक.

"एक कसा?" ती आपल्याशीच बोलली. "आत्ताच चालू केलाय. गीत लावलं नाही, माऊस नुकताच हलवलाय. शून्य पाहिजे."

तिनं सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. एक. तार काढून पुन्हा लावली. एक.

"तू लपवला न्हाईस?"

"नाही."

"मंग कुणी?"

"असंल काहीतरी आबा. दुसरा एखादा प्रोग्राम." तिचा आवाज मात्र शिकल्या माणसाचा राहिला नव्हता.

"म्हण त्याला, दिस."

तिनं एक बटण दाबलं. आकडा शून्य झाला.

बाण दिसला. भिंतीच्या उजव्या काठाला, उजेड जिथं संपतो तिथं. त्याचं टोक उजेडाच्या बाहेर गेलं होतं, आत फक्त शेपूट होतं. दारात अडकलेल्या जनावरासारखं.

एंजलनं माऊस मधे ओढला. भिंतीच्या मधोमध बाण आला, इकडं तिकडं फिरला. तिच्या हाताबरोबर.

काठावरचं शेपूट जागच्या जागी होतं.

आम्ही दोघं बघत राहिलो. पत्रा करकरला.

"आबा," ती म्हणाली, "माऊस एकच आहे."

तिनं हात उचलला. एक, दोन, तीन. मधला बाण लपला. काठावरचं शेपूट लपलं नाही. ते सावकाश बाहेर सरकलं, उजेडातून भिंतीवर. एकदा उजेडाबाहेर गेल्यावर कुणाला काय दिसणार.

एंजल म्हणाली, उद्या मी प्रोग्राम लावतच नाही. मी म्हटलं, बरं. आम्हाला वाटलं, झालं काम. माणूस शिकलेला असो नाहीतर अडाणी, बटण बंद केलं की संपलं असं त्याला वाटतं.

७

रविवारी देऊळ फुललं होतं. दीडशे माणसं, बाकं कमी पडली, मागं सतरंज्या. समोर माल मांडलेला, उसाच्या मोळ्या, कांद्याची पोती, भोपळे, दुधाच्या किटल्या, कुणीतरी आणलेला कोंबडा पाय बांधून. उजवीकडचं लहान दार उघडं. बाहेर ऊस उभा, अजून तोड झाली नव्हती.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, आज प्रोजेक्टर नको. ते म्हणाले, राहूचे पाहुणे तो बघायला आलेत. टोनी कॉम्प्युटरवर बसला. एंजलनं त्याचा हात धरला, "टोनीदादा, नको." टोनी म्हणाला, "ऑर्डर वरून है, मॅडम." आन् त्यानं बटण दाबलं.

बटण दाबलं तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले, कॉम्प्युटर काळा झाला, भिंत कोरी. माझ्या जिवात जीव आला. महावितरणचं मी आयुष्यात पहिल्यांदा भलं चिंतलं.

आन् मंडळी गायला लागली.

कुणी ओळ सांगितली नाही. पेटी वाजली नाही. भिंतीवर अक्षर नव्हतं. दीडशे तोंडं एकदम उघडली, उजाडलं रे, ऊठ मना. डोळे चालले. राहूचे पाहुणे पहिल्यांदाच आलेले, त्यांचेही. एंजल कॉम्प्युटरजवळ उभी होती, मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे डावीकडून उजवीकडं चालले होते आन् गालावरून पाणी येत होतं. तिला कळत होतं आन् थांबवता येत नव्हतं.

पाळकसाहेबांचे डोळेही तसेच. जो वाचू शकतो तो त्या बाणाच्या मागं जातो, एवढं मला तवा समजलं. का जातो ते नाही समजलं.

चौथं कडवं संपलं. गीत तिथं संपतं. ते थांबले नाहीत. पुढं शब्द नव्हते, तरी तोंडं हलत राहिली. आवाज होता, चाल होती, शब्द नव्हते. दीडशे जोडी डोळे कोऱ्या भिंतीवरून उजवीकडं गेले, खाली उतरले, पहिल्या बाकाच्या टोकाला आले, मेरीवर थांबले. मग दारावर गेले.

मेरी उठली. पदर सारखा केला आन् दाराकडं निघाली.

दारातून मला ऊस दिसत होता. वारा नव्हता. उसाची पाती हलत होती, डावीकडून उजवीकडं, एकामागं एक. शेवटच्या सरीपर्यंत हलायची, थांबायची. मग पुन्हा डावीकडून.

"मेरे," मी हाक मारली. ती वळली नाही.

मी ओळ सांगितली. काही महिने झाले होते, घसा गंजला होता, तरी सांगितली. "उजाडलं रे, ऊठ मना." मंडळीनं ती माझ्या तोंडातून घेतली आन् त्यांच्या चालीत मिसळून टाकली. डोळे काही माझ्याकडं आले नाहीत. बरोबर ओळ त्यांना चालत होती. बरोबर ओळीनं काही अडत नव्हतं.

मेरी उंबऱ्यापाशी पोचली होती. एक पाय बाहेर.

तवा मला धार काढतानाचं आठवलं. शब्द बदलला, ती काही बोलली नव्हती. मी स्वतःलाच म्हटलं, अब्राहाम, तू भीत भीत चुकलास. चोरून चुकलास. चुकायचं तर एक्केचाळीस वर्षांच्या छातीनं चूक. मी भिंतीला पाठ टेकवली आन् घंटेच्या वरताण आवाजात तिसऱ्या कडव्याची ओळ घेतली, काठी त्याची, वाट त्याची, आन् तिच्यापुढं पहिल्या कडव्यातली जोडली, मेंढपाळ तो मोजी खुणा. यमक नाही, अर्थ नाही, चाल तुटलेली. त्याच्यापुढं दुसऱ्याचा शेवट. त्याच्यापुढं नाताळचं गीत. म्हशीला पाण्यात बसवताना मी जे गुणगुणतो तेसुद्धा मी त्यात घातलं. देवानं माफ करावं. सगळ्यांच्या वरचढ, एकही ओळ जागेवर नाही.

मेरी थांबली.

पाती हलायची थांबली.

तिची पाठ माझ्याकडं होती. ती पाठ मी शेचाळीस वर्षं ओळखतो. आधी खांदे ताठ झाले. मग मान हलली.

"अवो," ती म्हणाली, "ते न्हवं."

मी थांबलो नाही. आणखी एक ओळ चुकलो.

ती गर्रकन वळली. "अवो, ते न्हवं म्हणते ना. तिसऱ्याची ओळ पयल्याला कुठं जोडताय? आन् ते म्हशीचं काय मधीच? पावणे आल्यात, लाज हाय का काय? एवढी वर्सं डोकं फोडलं तुमच्यापुढं, दगडाला शिकवलं असतं तर दगूड पाळक झाला असता."

आयुष्यात इतकं गोड मी काही ऐकलं नाही.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती वच्छलाबाई. हसता हसता त्यांचा ठेका गेला. त्यांचा गेला तसा त्यांच्या शेजारणीचा गेला. बापे घसरले. एक पोर रडायला लागलं, कोंबडा ओरडला, राहूच्या पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "ह्ये काय चाललंय?" डोळे फुटले, जत्रेत माणसं पांगतात तसे. कुणी मेरीकडं, कुणी माझ्याकडं, कुणी कोंबड्याकडं, कुणी पायाकडं. मी सगळ्यांकडं बघितलं. कुठल्याच दोन जोड्या एका चालीनं चालत नव्हत्या.

"सांग मग बरोबर," मी मेरीला म्हटलं.

"तुम्ही सांगा. काम कुनाचं हाय?"

मी सांगितलं. उजाडलं रे, ऊठ मना. मंडळी गायली, वेडीवाकडी, कुणी पुढं कुणी मागं. मेरी दार लावून, कडी घालून, आपल्या जागेवर येऊन बसली आन् मला प्रत्येक ओळीला डोळ्यानं तपासत राहिली.

कडव्याच्या मधे मी एकदाच वळून बघितलं. लाईट आली नव्हती. कोऱ्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, बाण होता. त्याच्याकडं बघणारं कुणी उरलं नव्हतं. आता त्याचं टोक खाली वळलं होतं, माझ्याकडं. तो मला काहीतरी दाखवत होता, मी वाचावं म्हणून.

"मला वाचाय येत न्हाई," मी त्याला हळूच म्हटलं. "दुसरं घर बघ."

एक, दोन, तीन. तो दिसेनासा झाला. गेला का लपला, ते मला विचारू नका. मी पुढची ओळ सांगितली.

८

प्रोजेक्टर अजून आहे. मी काढू दिला नाही. पाळकसाहेब काढायला निघाले होते, त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत, पण मला आता सायेब म्हणतात. मी म्हटलं, राहू द्या, लोकांना अक्षरं दिसू द्या. पण ओळ मी आधी सांगणार, मग ती भिंतीवर येणार. टोनी माझ्या तोंडाकडं बघून बटण दाबतो. मी मुद्दाम कधी घाई करतो, कधी रेंगाळतो. त्याच्या कपाळाला घाम येतो. "आबा, थोडा सिग्नल तो दो," तो म्हणतो. देत नाही.

एंजलला मी सांगितलं, बाण लपवायचा नाही. त्यानं भिंतीवर बसावं, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. तो बसतो. कधी प्रभूच्या नावावर बसतो आन् उपासना झाली की मी त्यावरून टोनीला शिव्या घालतो. तो माझा हक्क आहे.

कोपऱ्यातला आकडाही तिनं ठेवलाय, बारीक अक्षरात. बाण उघडा बसलेला असतो, म्हणजे शून्य पाहिजे. मागल्या रविवारी तो एक होता. एंजलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, असू दे. कुठंतरी असणारच तो दुसरा बाण. जागा सोडली तर येतो, म्हणून जागा सोडायची नाही.

सकाळी साडेआठला पहिली घंटा, नऊला दुसरी. वच्छलाबाई ठेक्याबाहेर. बापे घसरलेले. मी उभा, पाठ त्याच्याकडं, तोंड मंडळीकडं. पहिल्या गीतात मी एक ओळ चुकतो, दर रविवारी, आन् वाट बघतो.

उजव्या टोकाकडून आवाज येतो. मग आमची उपासना सुरू होते.